नबात

त्यांच्या भाषेत नबात म्हणजे धोक्याची घंटा.
आग लागली, शत्रू आला, की बडवायची.
आमच्या जुन्या कोशांत नबात म्हणजे खडीसाखर.
हे उगाच सांगत नाही:
नीपरकाठच्या व्हेर्ख्नेस्तावमध्ये
किराणेवाली फेवरोनिया
साखरेच्या पुड्या बांधी त्या 'नबात'च्याच कागदात.
वर्गणी वर्षाला पाच रूबल; भरत कोणी नसे.
चहाच्या दुकानांत गठ्ठे फुकट पडलेले,
आणि दर तिमाहीला राजधानीहून, कुठल्याशा खात्यातून,
बिनसहीचं एक जाड पाकीट.

संपादक अपोलोन व्हेरेनीत्सिन, निवृत्त अबकारी कारकून.
पहिल्या अंकात त्याने लिहिलं,
आमचं कोणाशी वैर नाही.
दुसऱ्या अंकात यादी आली.

खिळे जुळवी तेरेंती ल्याखोव.
त्याच्या हातात मजकूर आरशातल्यासारखा उलटा असे,
म्हणून, तो बायकोला सांगे,
मला त्यातलं काही लागत नाही.
शिशाच्या विषावर उतारा म्हणून
छापखाना त्याला रोज पेलाभर दूध देई.
पेटीतलं सगळ्यांत झिजलेलं होतं एक मुकं अक्षर,
शब्दाच्या शेवटी येणारं,
उच्चार नाही, काम नाही,
पहारेकऱ्यासारखं नुसतं उभं.
अपोलोन म्हणे, ह्यातच तर रशिया आहे.

मग ईस्टरच्या आधी, उपासाच्या शेवटच्या आठवड्यात,
दोरखंडवाल्याचा सात वर्षांचा सावका हरवला.
मथळा होता: पोर कोणी नेलं?
प्रश्नचिन्ह होतं. पुढे अपोलोन
त्या प्रश्नचिन्हावरच बोट ठेवायचा.
आणि शेजारच्या स्तंभात, भलत्याच बातमीत,
सहज आल्यासारखं एका गल्लीचं नाव,
जिथे झेल्मान ब्रूडनी घड्याळं दुरुस्त करी.
तेरेंतीचंही घड्याळ त्याच्याकडेच पडलं होतं.
त्याने गल्लीचं नाव जुळवलं.
शेवटी ते मुकं अक्षर उभं केलं.

रविवारी संध्याकाळी
गल्लीभर घड्याळं पडली होती,
त्यातली बरीच चालू.
झेल्मान गल्ल्यामागे सापडला,
भिंग डोळ्यालाच.

सावका बाराव्या दिवशी आला.
मामाच्या तराफ्यावर बसून
खालच्या बंदरापर्यंत गेला होता,
खिसे सूर्यफुलाच्या बियांनी फुगलेले.
आईने बडवला, मग कवटाळला, मग पुन्हा बडवला.
फेवरोनियाने त्याला साखरेचे चार खडे दिले, पुडीत.
पुडीवर त्याचंच नाव होतं.
त्याला वाचता येत नव्हतं.
त्याने कागदसुद्धा चाटला.

खुलासा चौथ्या पानावर, रबरी बुटांच्या जाहिरातीखाली,
सर्वांत बारीक खिळ्यांत, अडीच ओळी.
तोही तेरेंतीनेच जुळवला.
त्या रात्री पेला तसाच राहिला, वर साय धरलेली,
एवढंच बायको सांगे.

पुढे झार गेला. अपोलोन गेला,
कोणी म्हणतं बर्लिनला, कोणी म्हणतं वाटेतच.
नवी लिपी आली, तेव्हा खलाशी छापखान्यात शिरले
आणि पेट्यांमधून ते मुकं अक्षर तेवढं वेचून
पोत्यात भरून घेऊन गेले.
तेरेंतीने पोतं दारापर्यंत ओढायला हात दिला.
जड आहे की, म्हणाला.

आता त्याच्या खोलीत एव्हेलिना राहते.
रंग द्यायचा म्हणून तिने भिंतीचे कागद खरवडले,
फुलांचे, पट्ट्यांचे, पुन्हा फुलांचे,
सर्वांत खाली वर्तमानपत्र,
तोंड भिंतीकडे करून चिकटवलेलं.
ते एका ओढीत आलं.
शाई गिलाव्यावरच राहिली,
उलटी,
तेरेंतीच्या हातात असायची तशी.
तिने मोरीतला आरसा काढून आणला.
बुटांची जाहिरात स्वच्छ लागली,
किमतीसकट.
खालच्या अडीच ओळी
खळीने खाल्ल्या होत्या.